आधी रिकामी खोली

माजघराच्या मधोमध मी बसले आहे, पण जमिनीवर नाही. जमिनीपासून हातभर वर, मांडी घालून, मान खाली, केस चेहऱ्यावर आलेले. माझ्याखाली सारवलेली जमीन, तिच्यावर माझी सावली आणि सावलीच्या शेजारी काचेच्या कौलातून उतरलेला उन्हाचा कवडसा. मागच्या भिंतीवर खुंटी आहे. तिला एक रिकामी पिशवी लटकते आहे. बाकी खोलीत काही नाही.

हा फोटो मी आईला दाखवला तेव्हा ती ओटीवर वाती वळत बसली होती. लॅपटॉपच्या पडद्याकडे तिने बराच वेळ पाहिलं, मग वातींचं ताट बाजूला सरकवून म्हणाली, "काय गो हे? तिन्हीसांजेला असलं काही काढू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते."

मी तिला समजावून सांगितलं. खाली स्टूल होतं, त्यावर मी बसले होते, नंतर कॉम्प्युटरवर स्टूल पुसून टाकलं. इतकंच आहे.

"स्टूल पुसलंस ते कळलं," ती म्हणाली. "पण वर बसलीय ती कोण?"

राजापूर तालुक्यातलं हे माझं आजोळ. आजी गेल्यापासून घर वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतं. मामा डोंबिवलीला स्थायिक झाला. गणपतीत आणि मे महिन्यात कुणी ना कुणी येतं, त्याआधी शेजारच्या काकी झाडून-सारवून ठेवतात. गेली तीन वर्षं मी सवड काढून इथे येते आणि या खोल्यांमध्ये स्वतःचे फोटो काढते. हवेत तरंगणारी मी, डोकं नसलेली मी, दारात उभी राहून आतल्या मलाच पाहणारी मी. एकाच जागेवरून काढलेले अनेक फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, प्रत्येकातला हवा तेवढाच भाग ठेवायचा आणि जे घडलंच नाही ते घडल्यासारखं दाखवायचं, असं हे काम आहे. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या संध्याकाळी देता आलं नाही. ते शोधायला मी बरीच मागे गेले, पार पॅरिसपर्यंत, आणि मग जवळच्याच एका बाजारपेठेच्या गावातल्या बंद पडत आलेल्या स्टुडिओपर्यंत.

सुरुवातीचं वर्ष मी वाया घालवलं. भीतीदायक म्हणजे काय, याची माझी कल्पना सिनेमातून आलेली होती. चेहऱ्याला पीठ फासून डोळ्यांभोवती काजळ पसरलं. धुकं, कावळे, तडे गेलेल्या भिंती असे तयार थर इंटरनेटवरून उतरवून घेतले आणि आपल्या फोटोवर चढवले. एका फोटोत ३१ थर झाले होते. तो पाहून आई म्हणाली, "नाटकातलं वाटतंय," आणि भाजी निवडायला गेली. तिचं बरोबर होतं. भुताखेताला आपण मराठीत 'बाहेरचं' म्हणतो. बाहेरची बाधा, बाहेरचं काहीतरी लागलं. मी खरोखरच सगळं बाहेरचं आणून घरात कोंबत होते, आणि ते बाहेरचंच दिसत होतं. तरंगणाऱ्या फोटोत तसं काहीच नव्हतं. माजघर तेच, पिशवी तीच, मीही तीच. थर फक्त दोन. एका थरात मी स्टुलावर बसलेली, दुसऱ्यात रिकामी खोली.

या रिकाम्या खोलीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं काम तिच्यावर उभं असतं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. फोकस, एक्स्पोजर, रंगाचं तापमान, सगळं हाताने ठरवून कुलूप लावल्यासारखं पक्कं करायचं, कारण कॅमेऱ्याने मधेच स्वतःच्या मनाने काही बदललं तर दोन फोटो एकमेकांवर बसत नाहीत. आणि मग आपण खोलीतून बाहेर जाऊन पहिला फोटो काढायचा, त्यात आपण नसलेला. त्यानंतर स्टूल ठेवायचं, टायमर लावायचा, दहा सेकंदांत जाऊन बसायचं. तरंगण्याचा भास धरायला अंग सैल सोडावं लागतं. स्टुलाच्या कडेवर दबलेलं कापड लगेच चुगली करतं, म्हणून मी ओढणी नाहीतर पदर वेगळ्या फोटोत हवेत उडवून घेते आणि तेवढाच तुकडा वरून जोडते. डोकं नाहीसं करायचं असेल तर कुडत्याचा गळा आतून कसा दिसतो याचाही स्वतंत्र फोटो लागतो. मान पुसली की तिच्यामागे गळ्याची आतली शिवण दिसली पाहिजे, ती कुठून आणणार?

मग कॉम्प्युटरवर रिकामी खोली सगळ्यांत खाली ठेवायची आणि तिच्यावर मी असलेली खोली. वरच्या थराला मास्क जोडायचा. मास्क म्हणजे त्या थरावर टाकलेलं एक अदृश्य कापड समजा. त्यावर काळ्या रंगाचा ब्रश फिरवला की तेवढा भाग लपतो आणि खालची रिकामी खोली वर येते. पांढरा फिरवला की लपलेलं परत दिसतं. करडा फिरवला की अर्धवट. स्टुलावर काळा ब्रश फिरवताना पाय, मग बैठक, असं करत ते हळूहळू नाहीसं होतं, आणि त्याच्या जागी जमीन येते. ही जमीन मी रंगवलेली नसते. ती तिथे होतीच, पहिल्या फोटोत धरून ठेवलेली.

आमच्या माजघराच्या जमिनीत एक उथळ गोल खळगा आहे. तिथे आजीचं जातं रोवलेलं होतं. जातं कधीचंच कुणाला तरी दिलं, खळगा राहिला. कितीही सारवलं तरी तिरप्या उजेडात तो दिसतो. स्टूल मी नेमकं त्यावर ठेवलं होतं, नकळत. पुसत गेले तशी जात्याची खूण वर आली आणि माझी सावली तिच्यावर पडली.

काचेच्या कौलाचा मात्र त्रास होतो. कवडसा थांबत नाही. रिकामी खोली टिपून, स्टूल मांडून, चारपाच प्रयत्न करेपर्यंत तो जमिनीवर चार बोटं सरकलेला असतो, आणि मग दोन्ही थरांतला उजेड जुळत नाही. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. ते खटकणं मला नको असतं. म्हणून आता मी रिकामी खोली दोनदा काढते, आधी एकदा आणि शेवटी एकदा. तीन वर्षांत अशा रिकाम्या खोल्यांचे शेकडो फोटो साठले आहेत. त्यांच्याकडे मी फार दिवस नुसता कच्चा माल म्हणून पाहत होते.

मागे जाताना पहिला भेटला तो पॅरिसमधला इप्पोलीत बायार. या सरकारी कारकुनाने १८४० च्या ऑक्टोबरात स्वतःचा एक फोटो काढला. कमरेपर्यंत उघडा, डोळे मिटलेले, अंग एका बाजूला कललेलं, हात पोटाशी, भिंतीवर गवती टोपी. तो फोटोत मेलेला आहे. फोटोग्राफीची एक वेगळी रीत त्याने स्वतंत्रपणे शोधली होती. थेट कागदावरच चित्र उमटवण्याची. १८३९ च्या जूनमध्ये त्याने आपल्या ३० फोटोंचं प्रदर्शनही भरवलं होतं. पण मान आणि मानधन दोन्ही फोटोग्राफीची दुसरी रीत शोधणाऱ्या दागेरला मिळालं. तेव्हा बायारने हा फोटो काढला आणि मागे मजकूर लिहिला, की हे प्रेत बायारचं आहे, सरकारने दागेरला सगळं दिलं आणि याला काहीच नाही, म्हणून याने पाण्यात जीव दिला. फोटोत चेहरा आणि हात बाकीच्या अंगापेक्षा काळे दिसतात. उन्हाने रापलेले असावेत. बायारने त्याचाही उपयोग करून घेतला आणि लिहिलं की प्रेत कुजायला लागलं आहे. प्रत्यक्षात तो पुढे १८८७ पर्यंत जगला.

मला या फोटोतलं सगळ्यांत मोठं वाटतं ते त्या मिटलेल्या डोळ्यांमागचं कारण. त्या पद्धतीत एक फोटो उमटायला मिनिटंच्या मिनिटं लागत. एवढा वेळ डोळे उघडे ठेवून न हलता बसणं कुणालाही अवघड. डोळे मिटलेला माणूस मात्र बसू शकतो. यंत्राची मर्यादा होती, तिचं त्याने मरण केलं. फोटोग्राफी जाहीर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि एका माणसाने कॅमेऱ्यासमोर बसून आपण नसल्याचा फोटो काढला होता. माझी रिकामी खोली तिथून फार दूर नाही.

थरांचं कामही लगोलग सुरू झालं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या ऑस्कर रेयलँडर या स्वीडिश फोटोग्राफरने १८५७ साली तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच भलं मोठं चित्र छापलं. पण माझ्या विषयाला अधिक जवळचा आहे तो बोस्टनचा विल्यम मम्लर. दागिन्यांवर नक्षी कोरणारा कारागीर. १८६० नंतरच्या एकदोन वर्षांत त्याने हौसेने स्वतःचाच फोटो काढला आणि निगेटिव्हची काच धुतल्यावर त्याला आपल्या बाजूला एका मुलीची फिकट आकृती दिसली. ती नात्यातली, १२ वर्षांपूर्वी वारलेली मुलगी आहे असं त्याने सांगितलं. आधी वापरलेली काच नीट साफ न करता पुन्हा वापरली की जुनं चित्र नव्यात असंच उमटतं, हे त्या काळच्या फोटोग्राफरांना ठाऊक होतं. पण अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. घराघरांतून मुलगे गेले होते. लोक मम्लरकडे रांगा लावून आले आणि आपल्या मागे आपला मेलेला माणूस उभा असलेला फोटो घेऊन गेले. १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. तमाशे भरवणारा प्रसिद्ध बार्नम त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला, तरी पुराव्याअभावी मम्लर सुटला. पुढे लिंकनच्या विधवेनेही त्याच्याकडून फोटो काढून घेतला. तिच्या खांद्यांवर मागून नवऱ्याचे हात आहेत.

मम्लरने दुःखी माणसांकडून पैसे काढले, ते वाईटच. पण त्या फोटोंकडे पाहताना एक जाणवतं. त्यातली भुतं अंगावर येत नाहीत. ती घरच्या माणसासारखी मागे उभी आहेत.

आपल्याकडेही हा जोडकामाचा प्रकार लवकर आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, विल्यम जॉन्सन, याने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या फोटोंचं दोन खंडांतलं पुस्तक १८६३ आणि १८६६ साली काढलं. त्यातली अनेक चित्रं जोडकाम आहेत. माणसं स्टुडिओत उभी करून टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही एकत्र चिकटवून पुन्हा छापलेले. त्या चित्रांपुढे मी फार वेळ घालवला आहे. माणसांवरचा उजेड एका दिशेचा, मागच्या इमारतींवरचा दुसऱ्याच. पाय जमिनीवर आहेत पण जमिनीला टेकलेले नाहीत. जॉन्सनला कुणाला घाबरवायचं नव्हतं, त्याला माहिती द्यायची होती. तरी ती माणसं आपल्याच शहरात परकी होऊन उभी राहिल्यासारखी दिसतात. माझा सरकलेला कवडसा जे करतो तेच तिथे पानापानावर झालं आहे. फरक एवढाच की मी स्वतःला चिकटवते, आणि त्या माणसांना विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

स्वतःला चिकटवणारेही होते. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे राज्य चालवता चालवता फोटो काढत. त्यांनी स्वतःला राजवेषात टिपलं तसंच रुद्राक्ष घातलेला शिवभक्त म्हणूनही. मुखवटा कोणता आणि चेहरा कोणता, हे त्या काचांवरून ठरवता येत नाही. आणि इटलीत, त्रिएस्ते शहरात वांडा वुल्झने १९३२ साली आपल्या चेहऱ्याच्या निगेटिव्हवर मांजराची निगेटिव्ह ठेवून छापली. स्टुडिओ आजोबांपासून चालत आलेला, मांजर घरचंच. दोन थर. एक डोळा बाईचा वाटतो, एक मांजराचा, आणि नाकाच्या खाली कोण कुठे संपतं ते कळत नाही. नव्वद वर्षांहून अधिक काळ उलटला, फोटोशॉप आलं, तरी त्या चित्राच्या तोडीचं काम मी फार कमी पाहिलं आहे.

बाजारपेठेच्या गावातले स्टुडिओवाले काका सत्तरी ओलांडलेले. नाव छापू नका म्हणाले. आता दुकानात झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एवढंच चालतं, पण आतल्या खोलीत डोंगर-तळ्याचा रंगवलेला पडदा अजून टांगलेला आहे. मी त्यांना तरंगणारा फोटो दाखवला. त्यांनी आधी सावली पाहिली. "सावली पक्की आहे," म्हणाले, आणि मग बोलायला लागले.

त्यांच्या तरुणपणी डबल रोलला फार मागणी होती. 'राम और श्याम' येऊन गेला होता, दिलीपकुमार दोन झाले होते, मग गावच्या पोरांनाही दोन व्हायचं होतं. भिंगासमोर लाकडी चौकट आणि तिला दोन झडपा. डावी झडप उघडून अर्धी निगेटिव्ह टिपायची, बंद करायची, माणसाने शर्ट बदलून पलीकडे जायचं, मग उजवी झडप. "मधे कॅमेऱ्याला धक्का लागला की संपलं," काका म्हणाले. "आणि पोरगा हसला की संपलं." मध्य प्रदेशात नागद्याच्या सुहाग स्टुडिओत निघालेल्या अशा फोटोंबद्दल ख्रिस्तोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने लिहिलं आहे. काकांना ते ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. "सगळीकडेच काढत असणार. माणसाला एकटं बसून राहवत नाही."

मग ते हळू आवाजात दुसऱ्या कामाबद्दल बोलले. घरात कुणी गेलं की नातेवाईक फोटो घेऊन येत. बहुतेकदा लग्नातला ग्रुप, त्यात मागच्या रांगेत नखाएवढा चेहरा. तो मोठा करायचा, त्याला दुसऱ्या कुणाच्या फोटोतला कोट चढवायचा. कधी कधी जिवंतपणीचा एकही फोटो नसे. मग गेल्यानंतर घाईघाईने काढलेला फोटो आणत आणि म्हणत, डोळे उघडून द्या. "पेन्सिल आणि बारीक ब्रश. निगेटिव्ह खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवायची. बुबुळं काढणं सोपं. पण बुबुळात पांढरा ठिपका घातला नाही तर माणूस जिवंत होत नाही. तो ठिपका शेवटी. तो घालताना मी आधी हात धुऊन यायचो."

मी घरी परतले आणि त्या रात्री स्वतःचा एक साधा फोटो उघडला. खिडकीशी बसलेली मी, समोर पाहणारी, काहीच विशेष नाही. काकांचं काम मी उलटं केलं. दोन्ही डोळ्यांतला खिडकीच्या उजेडाचा ठिपका पुसून टाकला. बाकी कशाला हात लावला नाही. प्रिंट काढून सकाळी टेबलावर ठेवली. दुपारी पाहिलं तर आईने ती पालथी करून ठेवली होती. सगळ्या प्रयोगांत मला सर्वांत कमी मेहनत याच फोटोला पडली.

फोटोशॉपचं नाव घेतलं आहे म्हणून त्याबद्दल थोडं. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी ते बनवलं, १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आलं. थर तेव्हा त्यात नव्हते. एक चित्र दुसऱ्यावर चिकटवलं की कायमचं चिकटलं. थर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. तोवर हे काम बहुतेक अंधाऱ्या खोलीतच व्हायचं. फ्लोरिडातले जेरी युल्समन ओळीने अनेक एन्लार्जर मांडत, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह लावत आणि एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत जात. डार्करूममध्ये चुकलं की कागद गेला. मास्कमध्ये पुसलेलं परत आणता येतं, आणि माझ्यासारख्या एकटीने काम करणाऱ्या बाईला यामुळेच धीर आला. पैसे नसतील त्यांनी गिम्प वापरावं, ते फुकट आहे आणि थर, मास्क सगळं त्यात आहे. साधनाचा तुटवडा आता कुणालाच नाही.

साधन नसतानाही आपला चेहरा परका होतो, म्हणून आता आरशाकडे येते. रात्री आरशात पाहू नये, असं आजी म्हणायची. इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठाच्या जोव्हान्नी कापुतो यांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५० माणसांना मंद उजेडात दहा मिनिटं आरशात स्वतःकडे पाहायला लावलं. ६६ टक्के लोकांना आपला चेहरा भयंकर बदललेला दिसला. काहींना अनोळखी माणूस दिसला, काहींना विचित्र प्राणी. आणि १८ टक्के लोकांना आपल्या आईचा किंवा वडिलांचा चेहरा दिसला. एकाच गोष्टीकडे एकटक पाहत राहिलं की दृष्टी थकते, बारकावे विरतात आणि रिकाम्या जागा मेंदू आपल्याजवळच्या साठ्यातून भरतो, असा त्याचा अर्थ मी लावते.

हे वाचून मी एक जुनी युक्ती करून पाहिली. समोरून काढलेला चेहरा मधोमध कापायचा, उजवा अर्धा उलटा करून उजव्यालाच जोडायचा, डावा डाव्याला. दोन चेहरे तयार होतात. दोन्ही आपले आणि दोन्ही आपले नाहीत. उजवी बाई मला अजिबात ओळखीची वाटली नाही. डावी पाहून आई चष्मा पुसत म्हणाली, "ही माई दिसते." माई म्हणजे आजी. मग त्या चेहऱ्याचा थर मी तीस टक्केच दिसेल इतका फिका केला आणि माजघराच्या रिकाम्या फोटोवर ठेवून पाहिला. लगेच काढूनही टाकला. ते मम्लरचं काम झालं असतं.

गेलेल्या माणसांना थरांत आणण्याचं काम दिल्लीचे चित्रकार विवान सुंदरम यांनी मात्र धीराने केलं. त्यांचे आजोबा उमरावसिंह शेरगिल यांनी आयुष्यभर आपल्या कुटुंबाचे आणि स्वतःचे फोटो काढले. उघड्या अंगाने, विचारात बुडालेले, म्हातारे होत गेलेले. त्यांची मुलगी अमृता, थोर चित्रकार, १९४१ साली २८ व्या वर्षी गेली. विवान हे अमृताच्या बहिणीचे चिरंजीव. २००१-०२ मध्ये त्यांनी आजोबांचे जुने फोटो कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळले. वेगवेगळ्या सालांतली माणसं एका खोलीत आली, आरशातून एकमेकांकडे पाहू लागली, तरुण मुलीच्या शेजारी तिच्या मरणानंतरचे वडील आले. शिवण दिसत नाही. आणि एकही थर बाहेरचा नाही, सगळं त्याच घराच्या पेटीतलं.

न्यूयॉर्कमध्ये १९८१ साली बाविसाव्या वर्षी जीव दिलेली फ्रान्चेस्का वुडमन थर वापरत नव्हती. ती शटर उघडं ठेवून हलायची. पडक्या घरांतल्या खोल्या तिच्या फोटोंत स्पष्ट आहेत, पोपडे निघालेला भिंतीचा कागद स्पष्ट, फायरप्लेसची कमान स्पष्ट. ती स्वतः धूसर. तिच्या मरणावरून तिचे फोटो वाचायची लोकांना सवय लागली आहे, ते मला पटत नाही. ती कामात फार शिस्तीची होती, हे कुठलाही फोटो नीट पाहिला तर दिसतं. मी तिच्यासारखं करून पाहिलं. चार सेकंद शटर उघडं, त्यात मी दारातून खिडकीपर्यंत चालत गेले. फोटोत दार आहे, खिडकी आहे, मधे थोडं पांढुरकं काहीतरी. घर थांबतं, माणूस जातो, आणि हे दाखवायला कॅमेऱ्याला काहीही वेगळं करावं लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात मामाचा फोन आला. घराचे वासे वाळवीने खाल्ले आहेत, दिवाळीनंतर घर उतरवायचं आणि स्लॅबचं बांधायचं ठरलं आहे. मी काही बोलले नाही. मी तिथे राहत नाही, गळती काढायला छपरावर चढत नाही, मला बोलण्याचा हक्क नाही.

त्याच आठवड्यात एका तरुण मित्राने मला नवी सोय दाखवली. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये नको असलेल्या भागाभोवती रेघ ओढली की यंत्र स्वतःच तिथे काय असायला हवं ते भरून देतं. रिकामी खोली वेगळी काढायची गरजच नाही. मी माझा तोच जुना फोटो त्याला दिला, स्टुलासकटचा. त्याने स्टुलाभोवती रेघ ओढली. काही सेकंदांत स्टूल गेलं, खाली सारवलेली जमीन आली. रंग बरोबर, बोटांचे पट्टेही बरोबर. काम सफाईदार होतं. फक्त जमीन सपाट होती. जात्याची खूण नव्हती. ती तिथे असावी असं यंत्राला वाटायचं काही कारणच नव्हतं. मित्र म्हणाला, हवी तर लिहून सांगू, तसा खळगा काढून देईल. मी नको म्हटलं. हजार घरांतल्या जमिनी पाहून त्याने एक जमीन सांगितली. मला ही हवी होती.

त्या दिवशी मी रिकाम्या खोल्यांचं फोल्डर पहिल्यांदा नीट उघडून बसले. माजघर, पडवी, देवघर, बाळंतिणीची अंधारी खोली. एकाही फोटोत मी नाही, आणि प्रत्येक फोटोच्या वेळी मी दाराबाहेर उभी होते, श्वास धरून, शटरचा आवाज ऐकत. तरंगणाऱ्या बाईपेक्षा मला या खोल्यांनी जास्त धरून ठेवलं. आईने विचारलेल्या बाईचा शोध मी वर घेत होते, वरच्या थरात. खालचा थर मी पाहिलाच नव्हता. आपण नसलो की खोली कशी दिसते, हे माणसाला एरवी कधीच पाहायला मिळत नाही. आत गेलं की आपण आत असतोच.

भाद्रपदात गणपतीला आम्ही सगळे गेलो. विसर्जनानंतर बाकीचे परतले, मी आणि आई चार दिवस मागे राहिलो. उघडीप मिळाली तशी मी माजघरात ट्रायपॉड लावला. रिकामी खोली टिपली. आई दारात उभी राहून पाहत होती.

"झालं तुझं?"

"एवढंच. आता मी बसते."

"थांब," ती म्हणाली. "मी बसते."

तिने फळीवरचा पाट घेतला, पदराने पुसला आणि खोलीच्या मधोमध मांडून त्यावर बसली. एक पाय लांब सोडून, जात्याशी बसतात तशी. कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. मी तीन फोटो काढले. ती उठली, पाट भिंतीला टेकवला, मी पुन्हा रिकामी खोली टिपली.

रात्री जेवणं झाल्यावर तिने स्वतःच विषय काढला. "ते पुसतेस कसं, दाखव."

मी दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. मास्क लावला, ब्रश काळा केला. पाटापासून सुरुवात करू का विचारलं. ती म्हणाली, "पाट कशाला, मलाच पूस." माझा हात थांबला. तिने चष्मा सारखा केला आणि पडद्याजवळ सरकली. "बघू दे ना. खोली कशी दिसेल ते बघते."

मी लांब सोडलेल्या पायापासून सुरुवात केली. मग लुगड्याच्या निऱ्या, मांडीवरचा हात, बांगड्या. खांदा. ती एक शब्द बोलली नाही. चेहऱ्याशी आले तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं, तिने हाताने खूण केली, चालू दे. शेवटी सावली राहिली होती, तीही पुसली. पडद्यावर माजघर होतं, खुंटी होती, काचेच्या कौलातला कवडसा जमिनीवर तिरपा पडला होता.

आई पुढे वाकली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"जात्याची खूण दिसतेय बघ," म्हणाली.